तीनशे बारा जणींचे बाप

शहाऐंशी सालच्या हनुमान जयंतीच्या सप्ताहाला वामनरावांच्या आदिलाबादेकडच्या गावात जेवढी माणसं लोटली तेवढी पूर्वी कधी लोटली नव्हती, आणि ती सगळी आपल्यासाठी आली असं खुद्द मारुतीलाही वाटलं नसेल. भीमपूरकडून बैलगाड्या आल्या, जैनथहून दारापर्यंत माणसं लोंबकळलेल्या जीपा आल्या, गुडीहत्नूरच्या बायकांनी तर आर.टी.सी.ची अख्खी बस भरून आणली. काल्याचा प्रसाद होताच, पण खरा दिवस होता अर्जाचा.

हैदराबादेच्या विधानसभेनं कायदा मंजूर केला होता. वडिलोपार्जित जमिनीत लग्न न झालेल्या मुलीलाही भावाइतकाच हिस्सा. आता फक्त दिल्लीची सही उरली होती, आणि ती होऊ नये म्हणून धर्मसभेनं मोठा अर्ज तयार केला होता. सभेचे अध्यक्ष वामनराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो घेऊन आधी हैदराबादेला आणि तिथून दिल्लीला निघणार होते.

वामनरावांचं हे काम नवं नव्हतं. गोवधापासून दारूपर्यंत असा एक कायदा नसेल ज्यावर त्यांनी सरकारला लिहिलं नव्हतं. एका पत्राला दिल्लीहून उत्तरही आलं होतं. ‘आपले पत्र मिळाले’ एवढंच त्यात होतं, तेही इंग्रजीत, पण वर सिंहांचा शिक्का होता आणि वामनरावांनी ते फ्रेम करून ओसरीत लावलं होतं. त्यावर हसणारे गावात होते, पण ते घरी जाऊन हसायचे. एक गोष्ट मात्र इथंच सांगून ठेवलेली बरी. हा माणूस खोटं बोलत नसे. कन्यादान केलं की मुलीचं गोत्र बदलतं, ती दुसऱ्या घरची होते, आणि दिलेल्या दानाचा पुन्हा वाटा करायला बसणं म्हणजे देवासमोर शब्द फिरवणं, हे त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांच्या मुलाचं, केशवरावांचं, तसं नव्हतं. केशवरावांना धर्माचं फारसं काही नव्हतं. त्यांना घरच्या एकवीस एकरांचं होतं. बायकोचं लग्न होऊन दहा वर्षं झालेली, त्यामुळं सासरकडून नव्या कायद्यानं काही येणार नव्हतं. घरात मात्र बावीस वर्षांची बिनलग्नाची बहीण बसलेली होती. हा हिशेब एवढा सोपा होता की केशवरावांनी त्या वर्षी सप्ताहात सातही दिवस टाळ वाजवले.

अर्जात वामनरावांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती: ‘आमच्या मायबहिणींची व लेकींचीही हीच इच्छा आहे.’ सरकार पुरावा मागणार, म्हणून बायकांच्या अंगठ्यांचे वेगळे कागद छापून आणले होते. आणि त्या सगळ्या कागदांच्या वर, पहिली सही, देवकाची असायची होती. अध्यक्षांची बिनलग्नाची मुलगी, जिला स्वतःला हिस्सा मिळणार तीच नको म्हणते, यापुढं दिल्ली काय बोलणार? हे सगळ्यांना पटलं होतं. देवकाला कोणी विचारलं नव्हतं. ती आदिलाबादेला राहून मराठी शाळेत दहावी झालेली, तिचं अक्षर चांगलं, म्हणून बायकांची नावं लिहून घ्यायचं कामही तिच्याकडेच आलं होतं.

सकाळी भावजय आशाबाईनं तिला बाजूला घेऊन समजावलंही होतं. सही करून टाक, दोन अक्षरांनी माहेर टिकतं, पुढं दिवाळीला यायला दार उघडं राहतं. देवका बरं म्हणाली. पण सही नंतर करते, आधी बाकीच्यांची होऊ दे, असंही म्हणाली.

सभामंडपात मधोमध सतरंजीचा पडदा बांधला होता. पलीकडे पुरुष आणि वामनरावांचं प्रवचन, अलीकडे बायका. देवका खांबाला टेकून बसली. पुढ्यात कागदांचा गठ्ठा आणि निळ्या शाईचं पॅड. कागदावर चार रकाने होते. नाव, पतीचे नाव, गाव, अंगठा.

पहिली आली ती भीमपूरकडची सखूबाई, ऐंशीच्या घरातली. नाव सांगितलं. मालकाचं नाव विचारल्यावर तिनं पदर ओढला आणि सुनेकडे पाहिलं. सुनेचा तो सासरा, ती कशी नाव घेणार? तिनं मागं उभ्या असलेल्या चुलतसासूकडे पाहिलं. तिचा तो थोरला दीर. बाजूच्या विमलबाईला नाव ठाऊक होतं, पण नेमकं तेच नाव तिच्याही नवऱ्याचं निघालं. चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि रांगेत हसू पसरलं.

एरवी अशा वेळी एखादा पुरुष नाव सांगून मोकळा होतो. पण पुरुष पडद्यापलीकडे होते, आणि त्याच घटकेला पडद्यापलीकडून वामनरावांचा भरदार आवाज आला की जी बाई पतीचं नाव जिभेला लागू देत नाही ती त्याचं आयुष्य राखते. बायकांनी तिथूनच हात जोडले. झालं. त्यानंतर त्या मंडपात एकाही बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

देवकापुढं रांग वाढत होती. ती पुढं जे बोलली ते काही ठरवून बोलली नाही. काम अडलं होतं, ते पुढं सरकवायचं होतं.

“मग तुमच्या बापाचं नाव सांगा, आजी.”

सखूबाई काही बोलली नाही. देवकाला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा विचारलं.

“आयकलं मी,” सखूबाई म्हणाली. “साठ सालं झाले, कोनी इचारलंच नाई. म्हनून थांबली.” मग तिनं पदर मागं सारला आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, “भिवाजी.”

आणि नुसतं नाव सांगून ती थांबली नाही. पैनगंगेच्या काठचा भिवाजी, ज्वारीचं वावर होतं त्याचं, राखणीला जाताना मला खांद्यावर घेऊन जायचा, हे सगळं तिनं सांगितलं. देवकानं ‘पतीचे’ खोडलं, वर ‘बापाचे’ लिहिलं आणि पुढं भिवाजी. सखूबाईनं अंगठा उमटवला आणि उठता उठता त्या कागदाकडे वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. कुठं लिहिलंय ते मात्र तिनं बोट लावून दाखवायला लावलं.

त्यानंतर पंगती उठेपर्यंत त्या मंडपात जे झालं ते देवका आयुष्यभर नीट सांगू शकली नाही. रांग कुजबुजली, मग बोलू लागली. ज्या बायका अंगठा नको, आधी जेवण करू म्हणून निघाल्या होत्या त्या परत आल्या. कोणाचा बाप कुस्त्या खेळायचा, कोणाचा बाप रझाकारांच्या दिवसांत नदी ओलांडून गेला तो परत आलाच नाही. पाठीला पोक आलेल्या, दात पडलेल्या बायका एकामागून एक येत आणि बापाचं नाव असं उच्चारत की बाजूची बाई आपोआप गप्प होई. लिहिताना तिचं अक्षर सुधारत गेलं. एवढी नावं आपल्या हातून वेडीवाकडी जायला नकोत असं तिला वाटत होतं.

बयनाबाईला नाव आठवेना. ती चार वर्षांची असताना बाप गेला, आणि तिनं त्याला बाबा सोडून दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं. तिनं देवकाला सांगितलं, जागा सोडून ठेव. गुडीहत्नूरच्या बसमधून तिची थोरली बहीण आलेली होती, तिला शोधत ती जेवणाच्या पंगतींमधून फिरली. तासाभरानं धापा टाकत परत आली.

“लिंबाजी,” ती म्हणाली. “लिही पोरी. माह्या बापाचं नाव लिंबाजी होतं.” वयाच्या पासष्टाव्या वर्षी तिला ते कळलं होतं.

पंगती उठल्यावर दुपारी केशवरावांनी ओसरीत बसून कागद तपासायला घेतले. पहिल्या पानावर त्यांना वाटलं चूक झाली. दुसऱ्या पानावर वाटलं बहिणीनं थट्टा केली. आठव्या पानावर त्यांना ‘आशाबाई, बाप लक्ष्मणराव’ असं स्वतःच्या बायकोचं अक्षर दिसलं आणि त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली ती परसापर्यंत गेली.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लग्न झालं की लेक बापाची राहत नाही असं वर अर्जात लिहायचं आणि खाली तीनशे बारा जणींनी बापाचं नाव लावून अंगठे करायचे, असला अर्ज दिल्लीला नेला तर तिथले शिपाई हसतील. देवकानं कारण सांगितलं. कोणी नाव घेईना, बाबा स्वतःच तिकडून घेऊ नका म्हणत होते, मग मी काय करायचं होतं? केशवराव बायकोकडे वळले. इतरांचं सोड, तुला तर लिहिता येतं. लिहायला जीभ लागत नाही. मग माझं नाव काऊन नाही लिहिलं?

आशाबाई हात पुसत उभी होती. तिला खरं तर माफी मागून मोकळं होता आलं असतं, तशी ती दहा वर्षं होतच आली होती. पण लक्ष्मणराव हे नाव गुडीहत्नूरच्या दुकानाच्या पाटीवर सोडून तिनं कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि आज आपल्या नावाशेजारी ते लिहिताना तिला फार बरं वाटलं होतं. तिनं ते तसंच सांगून टाकलं. वर म्हणाली, आपल्या दोघी पोरी उद्या कोणाचं नाव लावतील ते मी लिहिताना बघून राह्यली होती.

“आन् देवका,” ती नणंदेकडे बघून म्हणाली, “सही करशील तर आधी वरचं सगळं वाचून कर.”

सकाळची आशाबाई आणि ही आशाबाई एकच होती हे केशवरावांना खरं वाटेना. त्यांनी आवाज खाली आणला आणि तोडगा सांगितला. कोरे कागद उरलेले आहेत. आपणच नवऱ्यांची नावं घालून नवीन यादी करू. अंगठे काय, घरातल्या घरात उमटवता येतात. एक अंगठा दुसऱ्यासारखाच दिसतो, दिल्लीत कोण भिंग घेऊन बसलंय?

“आन इकडं ते कागद.”

वामनराव दारात कधी येऊन उभे राहिले होते ते कोणाला कळलं नव्हतं. केशवरावांनी कागद दिले. वामनराव सतरंजीवर बसले, चष्मा लावला आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले.

त्यांना राग आलाच होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तो कुठं गेला ते त्यांचं त्यांनाही समजलं नाही. यातल्या पुष्कळ बायकांना ते ओळखत होते, चाळीस-चाळीस वर्षं. अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून. त्या कोणाच्या मुली आहेत हे त्यांना कधी माहीत नव्हतं, आणि आता बापांची नावं येऊ लागली तसे ते बाप त्यांना दिसू लागले. लहानपणी त्यांना नदीत पोहायला शिकवणारा मल्हारजी. आंब्याच्या झाडावरून पडून मेलेला कानबा. नदी ओलांडून गेलेला तो माणूस, ज्याच्या घरावर नंतर कोणी दिवा लावला नाही. यातल्या कितीतरी जणांना मुलगा नव्हता. त्यांचं नाव बुडालं असं गावानं कधीच ठरवून टाकलं होतं, आणि वामनरावांनी स्वतः प्रवचनात सांगितलं होतं की पुत्र नसेल तर नाव कोण चालवणार. ती सगळी नावं आज त्यांच्या मांडीवर होती. एकही बुडालं नव्हतं. मुलींनी ती साठ-साठ वर्षं तोंडात धरून ठेवली होती आणि विचारल्याबरोबर काढून दिली होती.

एवढं मोठं काही आपल्या अगदी शेजारी, एका सतरंजीच्या पडद्याआड, होतं आणि आपल्याला ऐकूसुद्धा आलं नाही, या विचारानं वामनराव बसल्या जागी लहान झाले. देवळात गाभाऱ्यासमोर गेल्यावर त्यांचे हात जुळायचे तसे ते आता जुळले. मध्ये कागद होते म्हणून कोणाला दिसलं नाही.

शेवटच्या पानावर तळाशी होतं: ‘तुळजाबाई, बाप दादाजी.’

दादाजी म्हणजे वामनरावांचे वडील. तुळजाबाई त्यांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती याच घरात राहिली. या घरची भाकरी, या घरची बाळंतपणं, कापूस वेचणीला बायका गोळा करणं, सगळं तिचं. जमिनीच्या कुठल्याही कागदावर मात्र तिचं नाव नव्हतं. आत्ता ती ओसरीच्या कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेली होती, आणि वामनरावांना वाटलं आपण तिला पुष्कळ दिवसांनी बघतो आहोत.

“केशव, हे असंच राहील,” ते म्हणाले. “अंगठ्यावरचं लिहिनं बदलवलं तर तो खोटा दस्त होते. माह्या हातून व्हायचा नाई.”

केशवराव म्हणाले, मग निदान देवकाची सही तरी घ्या. ती एक खरी असली तरी पुरे. अर्ज पुढं सरकवला गेला. देवकानं पेन घेतलं. तिनं वरपासून सगळं वाचलं, ‘लेकींचीही हीच इच्छा आहे’ या ओळीवर आली आणि थांबली. नाही म्हटलं तर हे घर तुटणार होतं, आणि हो म्हटलं तर पुढच्या साऱ्या जन्मात तिला या घरात आपलं म्हणायला काही उरणार नव्हतं. दोन्ही तिला दिसत होतं, म्हणून ती काहीच लिहीत नव्हती.

वामनरावांनी मुलीच्या हाताकडे पाहिलं आणि मग कोपऱ्याकडे वळले.

“अक्का,” ते म्हणाले, “तुले पाहिजे होतं का? आपल्या बाच्या वावरातलं?”

तुळजाबाईचे हात सुपावर थांबले. तिनं भावाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता.

“तू इचारलं असतं तर मी नको म्हनली असती, वामन,” ती म्हणाली. “पन तू इचारलंच नाई.”

आशाबाईनं पदर तोंडाला लावला. वामनराव ज्या कायदेपंडितांशी वाद घालायला दिल्लीला निघाले होते त्यांच्यापैकी कोणी हे बोललं असतं तर त्यांच्याजवळ चार उत्तरं होती. या बाईपुढं एकही नव्हतं. चाळीस वर्षं जे तिनं मनात ठेवलं होतं ते एवढंसं होतं, आणि ते द्यायला ती एका पायावर तयार होती.

मग त्यांनी जे केलं त्याला फार धीर लागला असला पाहिजे, कारण उत्तर काय येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला उत्तर आधीच सांगून ठेवलं आहे त्याला हे परवडणारं नव्हतं.

“देवका,” ते म्हणाले, “तुले?”

देवकानं पेन खाली ठेवलं. आत्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “मले पाहिजे, बाबा.”

केशवराव उठून उभे राहिले. वामनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मुलगी हे बोलली याचं त्यांना दुःख होत होतं आणि तिला बळ कुठून आलं याचं त्याहून जास्त नवल वाटत होतं. मग त्यांनी तिच्यासमोरचं पेन उचललं, अर्ज आपल्याकडे ओढला आणि लेकींच्या इच्छेची ती स्वतः लिहिलेली ओळ खोडली. एकदा नाही, दोनदा रेघ मारली, वाचता येऊ नये अशी. बायकांच्या अंगठ्यांचे कागद उचलून त्यांनी तुळजाबाईच्या हातात दिले, ठेव म्हणाले.

केशवरावांनी विचारलं, म्हणजे तुम्ही दिल्लीला जाणार नाही का?

जाणार, वामनराव म्हणाले. माझं मत जे आहे ते आहे, ते मी सांगीन. या बायकांचं नाव घेऊन नाही सांगणार.

“मग त्या अर्जात उरलं काय, बाबा?”

वामनरावांनी अर्जाची घडी घातली.

“आपन उरलो, केशव,” ते म्हणाले. “फक्त बाप्ये.”